अंगणावरचे छप्पर

मे महिना निम्मा सरला की कोकणात घरोघर एकच गडबड सुरू होते. सरपण आत घ्यायचे, कौले चाळायची, पन्हळीतला पाला काढायचा. अशा वेळी घरातले कोणी वडीलधारे अंगणाकडे बघून म्हणतात, "यंदा इथे शेड टाकून घेऊ. चार खांब रोवले, वर पत्रे टाकले की झाले!" सायकल कोरडी राहील, कपडे वाळतील, आल्यागेल्याला बसायला जागा होईल. विचार चांगला आहे. पण चार खांब आणि वर पत्रे एवढ्याने छप्पर होत नाही.

छप्पर बांधण्याआधी त्याला तीन गोष्टींशी सामना करावा लागणार आहे, हे ध्यानात घ्यावे लागते. पाणी, बर्फ आणि वारा. पाणी छपरावरून घसरते. बर्फ छपरावर बसतो. आणि वारा? तो छपराला उचलतो. यातले पहिले सर्वांना माहीत असते. दुसरे आपल्या गावात दिसत नाही. तिसरे मात्र आपल्या डोळ्यांसमोर घडते आणि तरीही बहुतेक लोक ते विसरतात. म्हणून या पाठात वाऱ्याबद्दल आपण अधिक बोलू.

हा पाठ वाचताना वही आणि पेन्सिल जवळ ठेवा. आपण एक छप्पर कागदावर बांधणार आहोत. ते घराच्या भिंतीला लागून आहे. भिंतीच्या बाजूने त्याची लांबी १२ फूट आहे आणि भिंतीपासून अंगणात ते १० फूट पुढे येते. म्हणजे १२० चौरस फूट, साधारण ११ चौरस मीटर. अंगणाच्या बाजूला तीन खांब आहेत, दोन टोकांना आणि एक मध्ये. वर नालीदार लोखंडी पत्रा आहे.

आता पहिला प्रश्न. छपराला उतार किती द्यायचा? गवंडी आणि सुतार या उताराला 'ढाळ' म्हणतात. उर्दूत तुम्ही 'ढलान' म्हणता, त्याच कुळातला हा शब्द. मात्र 'ढाळ' आणि 'ढाल' यांत गल्लत करू नका. ढाल हातात धरतात, ढाळ छपराला देतात!

ढाळ मोजायची साधी रीत अशी. आडवे पाच फूट पुढे गेले की छप्पर एक फूट खाली आले, तर त्याला 'पाचास एक' ढाळ म्हणतात. पत्र्याच्या छपराला आपल्याकडे साधारण एवढा ढाळ दिला, तर पाणी नीट वाहून जाते. आपले छप्पर १० फूट पुढे येते. म्हणजे भिंतीपाशी ते जेवढे उंच असेल, त्यापेक्षा अंगणाच्या कडेला २ फूट खाली असेल. भिंतीपाशी ९ फूट ठेवले, तर बाहेरच्या कडेला ७ फूट उरतात. उंच माणूसही सहज आत येईल.

पण समजा, पत्र्याऐवजी कौले घालायची आहेत. १८६५ साली बाझेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तिथली कौले सगळ्या किनाऱ्यावर पसरली. ती मंगळुरी कौले तुम्ही पाहिली असतीलच. कौलांच्या सांध्यांतून पाणी आत येऊ नये म्हणून त्यांना जास्त ढाळ लागतो, साधारण 'दोनास एक'. आता हिशेब करा. १० फूट पुढे गेल्यावर छप्पर ५ फूट खाली येईल. ९ फुटांतून ५ गेले, उरले ४. त्याखालून बकरी जाईल, दादाजान जाणार नाहीत! जुन्या कौलारू घरांच्या पडव्या अरुंद का असतात, याचे एक कारण तुम्हांला इथे मिळेल. छप्पर जितके पुढे न्यावे, तितके ते खाली येते.

पत्रा केवढा आणायचा, हेही याच आकृतीतून कळते. आडवे अंतर १० फूट, उभे अंतर २ फूट, आणि पत्र्याची तिरकी बाजू हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण. तुमच्या हिशेबाच्या पुस्तकात याला 'वतर' म्हणतात आणि फिसागोरसचा सिद्धान्त तुम्ही पाठ केला आहे. १०० अधिक ४ म्हणजे १०४, आणि १०४ चे वर्गमूळ साधारण १०.२. तेव्हा १० फुटी पत्रा आणला, तर तो अपुरा पडेल. १२ फुटी पत्रा घ्यावा. पत्रा कडेच्या वाशापुढे थोडा बाहेर यायला हवा, म्हणजे पागोळ्या खांबावर न पडता बाहेर पडतात. पण तो फार बाहेरही काढू नये. दीड फुटापेक्षा जास्त नको. का नको, ते वाऱ्याकडे गेलो की सांगतो.

ढाळ न देता छप्पर सपाट ठेवले तर काय होईल? याचे उत्तर ताडपत्रीच्या मांडवात रोज दिसते. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १ लिटर पाणी जमते, म्हणजे १ किलो वजन. ताडपत्री मध्ये थोडी दबली की तिथे पाणी साचते. पाण्याच्या वजनाने ती आणखी दबते. आणखी दबली म्हणून आणखी पाणी साचते. असे करता करता मध्ये मोठी पखाल लोंबू लागते आणि कोणी तरी खालून काठीने ढोसून ती रिकामी करतो. सपाट पत्र्याचेही हळूहळू असेच होते, फक्त तिथे काठीचा उपयोग होत नाही. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्या ११ चौरस मीटरच्या छपरावर तेवढा पाऊस पडला असता, तर दहा हजार लिटरपेक्षा जास्त पाणी त्यावरून गेले असते. ते गेले पाहिजे, थांबता कामा नये. ढाळ द्यायचा तो यासाठी.

पत्रे बसवण्याच्या दोन बारीक गोष्टी इथेच सांगून ठेवतो. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर चढवतात. पावसाळी वारा कोकणात बहुधा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. चढवलेल्या कडेचे तोंड त्या बाजूला नसावे, नाहीतर झड सरळ फटीत शिरते. म्हणून पत्रे घालायला वाऱ्याच्या विरुद्ध टोकाकडून सुरुवात करतात. दुसरी गोष्ट अशी की, नालीदार पत्र्याला भोक पाडायचे ते नालीच्या उंचवट्यावर पाडावे. खोलगट भागातून पाणी वाहते. तिथे भोक पाडले, तर गळती आपण स्वतःच्या हाताने लावून घेतली.

आता बर्फाकडे वळू. तुम्ही विचाराल, "सर, आमच्या गावात बर्फ फक्त सरबतात असतो. त्याचा आम्हांला काय उपयोग?" उपयोग असा की, छपरावरचे ओझे म्हणजे काय, हे बर्फावरून चांगले समजते. शिवाय तुमच्यापैकी कोणाला उद्या काश्मीरला, लडाखला किंवा परदेशात कामाला जावे लागेल, हे कोणी सांगावे?

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांच्या कडक थंडीला 'चिल्ला-ए-कलां' म्हणतात. या दिवसांत बर्फ पडतो आणि छपरावर राहतो. ताजा, भुरभुरीत बर्फ हलका असतो. १ घनमीटर ताज्या बर्फाचे वजन साधारण १०० किलो भरते. पाण्याचे वजन तेवढ्याच जागेत १००० किलो असते. पण बर्फ बसतो, घट्ट होतो, त्यावर पाऊस पडला तर तो पाणी पितो. असा ओला बर्फ घनमीटरला ३०० किलो किंवा त्याहूनही जड होतो. आता आपले छप्पर श्रीनगरला नेऊ. त्यावर १ फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर, ताजा बर्फ पडला, तर वजन झाले ३३० किलो. सिमेंटच्या सहा-सात गोण्या. त्याच जाडीचा ओला बर्फ असेल, तर जवळजवळ १००० किलो. वीस गोण्या! दोन्ही दिवशी बर्फाची जाडी सारखीच दिसेल. खाली उभ्या माणसाला फरक कळणार नाही, वाशाला कळेल.

ढाळ वाढवला की बर्फ घसरून पडतो. म्हणून आज काश्मीरमध्ये उंच, उतरत्या पत्र्याची छपरे दिसतात. पूर्वी मात्र तिथली पद्धत वेगळी होती. लाकडावर भूर्जपत्रांचे थर आणि त्यावर माती, असे छप्पर असे. बादशहा जहांगीर याने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे की, काश्मीरमधल्या घरांच्या छपरांवर लोक फुले लावतात आणि वसंतात ती फुलतात. माती आणि बर्फ दोन्हींचे ओझे ते लाकूड पेलत असे. श्रीनगरची खानकाह-ए-मौला पाहिलीत, तर तिचे एकावर एक चढत गेलेले, मनोऱ्यासारखे छप्पर या लाकूडकामाची कल्पना देईल.

घराला लागून असलेल्या छपराला बर्फाच्या प्रदेशात एक जास्तीची भीती असते. घराचे छप्पर उंच असते आणि अंगणावरचे त्याच्या खाली. वरचा बर्फ घसरतो आणि धाडकन खालच्यावर पडतो. वारा असेल तर तोही भुरभुरीत बर्फ उचलून भिंतीच्या कोपऱ्यात, म्हणजे नेमका खालच्या छपरावर, आणून टाकतो. त्यामुळे आकाशातून पडतो त्यापेक्षा किती तरी अधिक बर्फ या बिचाऱ्या लहान छपरावर जमतो. तेव्हा अशा ठिकाणी अंगणावरचे छप्पर घराच्या छपरापेक्षा कच्चे ठेवून चालत नाही, उलट अधिक भक्कम करावे लागते.

अमेरिकेत घरामागच्या फरशीवर अशी छपरे घालण्याची फार आवड आहे. तिथल्या घरबांधणीच्या नमुना-संहितेत त्यांच्यासाठी वेगळे परिशिष्टच आहे. छपराने स्वतःच्या वजनाशिवाय दर चौरस फुटाला निदान १० पौंड ओझे पेलले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. त्या गावचा बर्फ याहून जड असेल, तर बर्फाचा आकडा धरावा आणि वाऱ्याचा हिशेब वेगळा करावा. आपल्या छपराला हा नियम लावला, तर १२०० पौंड, म्हणजे सुमारे ५४५ किलो होतात. बर्फ मुळीच पडत नसला, तरी एवढे हवेच. आपल्या देशातही भारतीय मानक क्रमांक ८७५ आहे. त्याचा तिसरा भाग वाऱ्याविषयी आणि चौथा बर्फाविषयी आहे.

इथपर्यंत आपण छपराला खालून आधार देण्याचा विचार केला. खांब जाड, वासे जवळजवळ, म्हणजे ओझे पेलेल. आता वारा येतो आणि सगळा हिशेब उलटा करतो.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, मुरुड, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि असंख्य घरांचे पत्रे व कौले उडाली. तुमच्यापैकी काहींनी तो दिवस घरात बसून काढला असेल. पत्रे खाली दबून मोडले नाहीत. ते वर गेले. असे का झाले?

वारा छपरावरून वेगाने जातो, तेव्हा वरच्या बाजूला हवेचा दाब कमी होतो. छप्पर वर ओढले जाते. खोलीला चार भिंती असतात. आपल्या अंगणावरच्या छपराला मात्र तीन बाजूंनी भिंतच नाही. वारा खालून शिरतो, घराच्या भिंतीवर आदळतो, त्याला पुढे वाट मिळत नाही आणि तो पत्र्याला खालून ढकलतो. वरून ओढ, खालून ढकल. पावसात उलटी झालेली छत्री आठवा.

हा जोर मोजता येतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर आहे ते घ्या. त्याचा वर्ग करा. त्याला ०.६ ने गुणा. दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळेल. त्याला ९.८ ने भागले की किलोमध्ये समजेल. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. हिशेब केला की दर चौरस मीटरला सुमारे १४ किलो येतात. आता वेग दुप्पट करा, ताशी १०८ किलोमीटर, सेकंदाला ३० मीटर. दाब २८ किलो होईल, असे वाटते ना? नाही. तो ५५ किलो होतो. वेग दुप्पट, जोर चौपट. वाऱ्याचे हे गणित ज्याच्या ध्यानात आले, तो "मागच्या वर्षीच्या वाऱ्यात काही झाले नाही" असे म्हणून स्वस्थ बसणार नाही.

आपल्या ११ चौरस मीटरला ५५ ने गुणा. ६०५ किलो. बारा गोण्या सिमेंटइतकी ओढ, तीही वरच्या दिशेने. आणि पत्रा किती जड असतो? साधा पत्रा चौरस मीटरला ५ किलोच्या आसपास भरतो, म्हणजे सगळे पत्रे मिळून ५५ किलो. कुठे ५५ आणि कुठे ६०५! छप्पर आपल्या वजनाने जागेवर राहील, ही आशा सोडून द्यावी.

लोक पत्र्यावर दगड, जुने टायर, वाळूच्या पिशव्या ठेवतात. वीस-वीस किलोचे पाच दगड ठेवले, तर १०० किलो झाले. बाकीचे ५०० किलो कोण धरणार? वादळात पत्रा हलला की तेच दगड घरंगळतात आणि खालच्या माणसाच्या डोक्यावर येतात. उडालेला पत्रा तर पात्यासारखा असतो. तो आपल्या घरी थांबत नाही, शेजाऱ्याच्या अंगणात जातो, जिथे मुले असू शकतात. माझ्या मते छपरावरचा दगड हे छप्पर नीट बांधलेले नसल्याचे चिन्ह आहे.

मग छप्पर धरून कशाने ठेवायचे? एका साखळीची कल्पना करा. पत्रा रिपेला बांधलेला, रीप वाशाला, वासा तुळईला, तुळई खांबाला, खांब पायाला आणि पाया जमिनीत. वाऱ्याची ओढ पत्र्यापासून पायापर्यंत या साखळीतून जाते. साखळीची एक कडी कच्ची असली, तरी तेथून ती तुटते. पहिली कडी बहुतेक ठिकाणी खिळा असतो. लाकडात सरळ ठोकलेला खिळा जसा ठोकला तसाच उपसून निघतो. म्हणून पत्र्याला आकडी नट-बोल्ट वापरतात. तो रिपेला खालून मिठी मारतो. पत्र्याच्या वर मोठा वॉशर हवा. नाहीतर बोल्ट जागेवर राहतो आणि पत्रा फाटून निघून जातो. छपराच्या कडांवर आणि कोपऱ्यांत ओढ सर्वांत जास्त असते. तिथे बोल्ट जवळजवळ घालावेत. पत्रा दीड फुटापेक्षा बाहेर काढू नका, असे मघाशी म्हटले ते याचसाठी. बाहेर आलेली ती कड म्हणजे वाऱ्याच्या हाती दिलेला पदर.

साखळीचे दुसरे टोक जमिनीत असते आणि तेच आपण मातीने झाकून विसरतो. ६०५ किलोंपैकी निम्मी ओढ भिंतीकडे जाते, निम्मी, म्हणजे सुमारे ३०० किलो, बाहेरच्या तीन खांबांकडे. मधल्या खांबाच्या वाट्याला दोन्ही बाजूंचे छप्पर येते, म्हणून त्यावर १५० किलो आणि टोकांच्या खांबांवर ७५-७५ किलो. खांबाला वर जाऊ न देण्याचे काम खालच्या काँक्रीटच्या वजनाने करायचे आहे. लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी १ फूट असा खड्डा काढून काँक्रीट भरले, तर त्याचे वजन साधारण ६८ किलो होते. टोकाच्या खांबालाही ते पुरत नाही. दीड फुटाचा खड्डा घेतला तर? थोडासाच मोठा दिसतो, पण वजन होते सुमारे २३० किलो. फक्त अर्धा फूट वाढवला आणि वजन तिपटीहून अधिक झाले. कारण इथे लांबी, रुंदी, खोली तिन्ही वाढल्या. याला घनाचे गणित म्हणतात, तुमच्या भाषेत 'मुकअब'.

पण थांबा. ताशी १०८ किलोमीटर हा आकडा आपण सोईसाठी घेतला होता. भारतीय मानकाच्या नकाशात मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर हा मूळ वेग दिला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. पुण्यासाठी ३९ मीटर आहे. छप्पर मुंबईत असेल, तर हाच हिशेब ४४ ने पुन्हा करावा लागेल. दर चौरस मीटरला ११८ किलो. एकूण जवळजवळ १३०० किलो. मधल्या खांबावर सव्वातीनशे. दीड फुटाचा खड्डा आता मधल्या खांबाला पुरत नाही, २ फुटांचा लागतो. त्याचे काँक्रीट ५४० किलो भरते. इंजिनियर या आकड्यांत जमीन, उंची, आसपासची घरे आणि छपराचा आकार पाहून पुन्हा फेरफार करतात. आपला हिशेब कच्चा आहे. त्याने खड्डा मोठा हवा की लहान हे कळते, शेवटचा आकडा जाणकाराकडूनच घ्यायचा.

खांब नुसते उभे असून भागत नाही. वारा आडवाही ढकलतो. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरका टेका दिला की त्रिकोण तयार होतो आणि त्रिकोण वाकडा होत नाही. चार काड्या टोकांना बांधून चौकोन करा आणि ढकलून पाहा. मग तीन काड्यांचा त्रिकोण करून ढकला. फरक हाताला कळेल.

आणखी एक गोष्ट, जी पैशाच्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. अंगणावरच्या छपराचे वासे घराच्या वाशांना जोडून पुढे काढू नयेत. सुताराला ते सोपे पडते आणि लाकूडही वाचते. पण वादळात उघडे छप्पर आधी उचलले जाते आणि जाताना घराचे छप्परही ओढून नेते. चक्रीवादळाच्या भागात पडवीचे छप्पर घरापासून वेगळे ठेवावे, असे जाणकार सांगतात. भिंतीला वेगळी तुळई बोल्टने पक्की करा आणि छप्पर तिच्यावर टेकवा. मग एखाद्या भयंकर दिवशी शेड गेली, तरी डोक्यावरचे घर राहील. वरच्या छपराच्या वळचणीखाली पत्र्याची वरची कड सरकवून ठेवली की सांध्यातून पाणीही येत नाही.

तुमच्या ध्यानात आले असेल की, हे तीन प्रश्न एकमेकांशी भांडतात. बर्फासाठी ढाळ जास्त हवा, पण मग बाहेरची कड खाली येते. पत्रा हलका म्हणून खांबांना सोपा, पण हलका म्हणूनच वाऱ्याला सोपा. कौले जड म्हणून सहज उडत नाहीत, पण त्यांना लाकूड जास्त लागते आणि सुटे कौल वारा एकेक करून काढतो. सर्वांना खूश करणारे छप्पर नाही. आपल्या गावाला कोणाची भीती जास्त आहे, हे आधी ठरवावे लागते. श्रीनगरचा माणूस वाशाकडे आधी पाहील, श्रीवर्धनच्या माणसाने बोल्टाकडे आधी पाहावे.

या पाठात तुम्हांला ओळखीचे किती शब्द भेटले, पाहा. वजन, हवा, जमीन, हिशेब, बर्फ, नकाशा. हे सगळे शब्द फारसी-अरबीतून मराठीत आले आणि इथेच नांदले. शेराचे वजन तुम्ही उर्दूच्या तासाला पाहता, छपराचे वजन मराठीच्या तासाला पाहिले.

यंदा तुमच्या घरी शेडचे काम निघाले, तर आकृती काढून ठेवा. मिस्त्री पाणसळ आणि ओळंबा घेऊन येतील, त्यांच्या हाताला वर्षांचा अनुभव असतो. त्यांना शिकवायला जाऊ नका. विचारा मात्र जरूर. "चाचा, मधल्या खांबाचा खड्डा किती फूट घेणार?" "मिस्त्री, पत्र्याला खिळे मारणार की आकडी बोल्ट?" "वासे घराच्या वाशांना तर जोडणार नाही ना?" आणि घरच्यांना सांगा की, काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत परवानगीबद्दल विचारून घ्यावे. बोल्ट आणि काँक्रीट यांचा खर्च डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तोच आधी कापला जातो. तुमच्या वहीतली आकृती त्या वेळी अब्बांपुढे ठेवा.

शब्दार्थ

ढाळ : उतार, ढलान. वासा : छपराचे तिरके लाकूड, कडी. तुळई : आडवे जाड लाकूड, शहतीर. रीप : वाशांवर आडवी ठोकलेली पट्टी. वळचण : छपराची खालची कड, ओलती. पागोळ्या : वळचणीवरून गळणाऱ्या पाण्याच्या धारा. पन्हळ : पाणी वाहून नेणारी नाली, परनाला. झड : वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस. पखाल : पाण्याची कातडी पिशवी, मशक. ओळंबा : भिंत किंवा खांब सरळ आहे का ते पाहण्याचे दोरीचे साधन, साहूल. पाणसळ : सपाटी पाहण्याचे साधन. टेका : आधार.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'पाचास एक ढाळ' म्हणजे काय?
(आ) नालीदार पत्र्याला भोक कोठे पाडावे?
(इ) ओला बर्फ ताज्या बर्फापेक्षा जड का असतो?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) अंगणावरच्या छपराला खोलीच्या छपरापेक्षा वाऱ्याचे भय अधिक का असते?
(आ) पत्र्यावर दगड ठेवण्याची पद्धत लेखकाला का आवडत नाही? तुमचे मत काय आहे?

३. वाक्यात उपयोग करा : पुरणे, ध्यानात येणे, भक्कम, घरंगळणे.

४. पुढील वाक्ये मोठ्या माणसाला उद्देशून आदराने लिहा.
(अ) तू खड्डा किती खोल काढणार?
(आ) इकडे ये आणि हा खांब बघ.

५. तुमच्या घराचे, शाळेचे किंवा मशिदीच्या अंगणाचे छप्पर खालून पाहा. पत्रा कशाने धरला आहे, खांब कशात रोवले आहेत आणि पाणी कोणीकडे जाते, हे दहा ओळींत लिहा. छपरावर चढू नका.